पेशींचा शेजारधर्म
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



कुळ आणि वंश यांची चर्चा आपल्या संमेलनात नेहमीच होते. आज मी एका कृमीची वंशावळ आपणापुढे मांडणार आहे. नाक मुरडू नये. हा पोटातला जंत नव्हे. कुजक्या फळांत राहणारा, जीवाणू खाऊन जगणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा हा निरुपद्रवी सूत्रकृमी होय. त्याचे शरीर पारदर्शक असल्यामुळे आतील पेशी जिवंतपणीच सूक्ष्मदर्शकातून दिसतात. केंब्रिजच्या सिडनी ब्रेनर यांनी १९६३ साली त्याच्या अभ्यासाची योजना मांडली. जॉन सल्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अंड्यापासून प्रौढ कृमीच्या, जननपेशी सोडून, ९५९ पेशींपर्यंतची वंशावळ १९८३ पर्यंत पुरी केली. एवढी बिनचूक वंशावळ आपल्यातील कोणत्या घराण्यापाशी असेल असे वाटत नाही!

ही वंशावळ दर कृमीत जवळजवळ तीच. तेव्हा पेशीचे भवितव्य जन्मानेच ठरते, असे कोणासही वाटावे. परंतु एकेक पेशी लेसर किरणाने जाळून पाहता निराळेच दिसले.

अंडी बाहेर पडण्याचे द्वार घडविण्यास सहा पेशी रांगेत असतात. सहाही समर्थ, पण काम पडते तिघींवरच. त्यांच्या वर बसलेली नांगरपेशी रासायनिक निरोप धाडते. सर्वांत जवळच्या पेशीस तो ठळक पोहोचतो, आणि ती आपल्या दोन्ही शेजारणींस दुसरा निरोप देते. या मारल्या, तर दूरची पेशी त्यांची जागा घेऊ शकते. १९८१ साली जूडिथ किंबल यांनी नांगरपेशीच जाळली. तेव्हा द्वार झालेच नाही, सहाही पेशींची सामान्य त्वचा झाली.

नांगरपेशी कोण होणार हेही जन्मतः ठरलेले नसते. दोन पेशी सारख्याच योग्यतेच्या. आपसांत निरोपांची देवघेव होऊन एक नांगरपेशी होते, दुसरी गर्भाशयाच्या कामास लागते. सुमारे निम्म्या कृमींत ही, निम्म्यांत ती. एक जाळली, तर उरलेली हटकून नांगरपेशी होते.

वर्गात नवा मुलगा आला की ‘हा कोणाचा?’ असे आपण प्रथम विचारतो. कृमीवरून माणसाचा न्याय करू नये, हे खरे. तथापि पेशीच्या बाबतीतही तेवढा एकच प्रश्न पुरत नाही.

नांगरपेशीचा निरोप पेशीच्या आत पोहोचविणाऱ्यांत रास नावाचे एक प्रथिन आहे. निरोप आला की ते जागे होते, काम होताच निजते. ज्या कृमीत ते बिघडून जागेच राहते, त्यात नांगरपेशी नसतानाही द्वारासारखे अनेक उंचवटे उठतात. रास प्रथिने माणसातही आहेत. स्वादुपिंडाच्या बहुतेक कर्करोगांत त्यांपैकी एक असेच जागे राहिलेले आढळते. शेजाऱ्याने काही सांगितले नसता पेशी वाढतच राहतात.