बेडरूममध्ये भारी, स्टेजवर गायब: गिटार मॉडेलरचा टोन नेमका कुठे बिघडतो?

तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या आवाजांत परत परत येतेय. ती साधारण अशी असते: "दादा, मॉडेलर घेतला. घरी हेडफोनवर जबरदस्त वाजतो. गॅदरिंगला स्टेजवर लावला, तर माझा सोलो मलाच ऐकू येईना. खाली उतरल्यावर मित्र म्हणतात, तू वाजवत होतास का रे? आता हा विकून खरा ट्यूब ॲम्प घेऊ का?"

विकू नका. निदान हा भाग संपेपर्यंत तरी नका विकू!

विषय फक्त पैशांचा नाहीये. पैसे साठवून, घरच्यांना पटवून आपण अशी एखादी वस्तू घेतो. मग स्टेजवरच्या एका फसलेल्या संध्याकाळीनंतर "आपल्याला जमतच नाही" असं वाटायला लागतं आणि गिटार कपाटावर जाऊन बसते. बऱ्याचदा दोष हाताचा नसतो आणि यंत्राचाही नसतो. टोन ठरवला एका जागी आणि ऐकवला दुसऱ्याच जागी, एवढंच झालेलं असतं. आजचा सगळा भाग या एका मुद्द्यावर आहे.

आधी थोडं मागे जाऊ. साठच्या दशकातले मार्शलचे १०० वॉटचे ॲम्प घ्या. त्यांना मास्टर व्हॉल्यूम नव्हता. आवाज छान फाटायला हवा असेल तर व्हॉल्यूम वर न्यायचा, म्हणजे ट्यूबवर ताण येतो, स्पीकरवर ताण येतो, आणि मग तो गोड, भरलेला, फाटका आवाज निघतो. थोडक्यात, तो टोन आणि कानठळ्या बसवणारा आवाज एकाच पॅकेटमध्ये मिळायचे. आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे करून बघा, सोसायटीचे सेक्रेटरी पाच मिनिटांत दारात!

मॉडेलरने हे पॅकेट फोडलं. १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीचा पॉड आला, लाल रंगाचा, राजम्याच्या दाण्यासारख्या आकाराचा, टेबलावर ठेवायचा डबा. वेगवेगळ्या ॲम्पचे आवाज एका डब्यात, आणि तेही हेडफोनवर. पुढे तंत्र सुधारत गेलं. आज ढोबळमानाने दोन पद्धती दिसतात. पहिलीत ॲम्पच्या सर्किटचं गणित मांडलेलं असतं. बेसचा नॉब फिरवला की खऱ्या ॲम्पमध्ये जे होतं, तेच करायचा प्रयत्न सॉफ्टवेअर करतं. दुसरी म्हणजे कॅप्चर. खऱ्या ॲम्पमधून ठरावीक सिग्नल पाठवायचे, बाहेर काय येतं ते तपासायचं आणि त्या एका सेटिंगचा जणू फोटो काढायचा. केम्पर, क्वाड कॉर्टेक्स, टोनेक्स ही नावं तुम्ही ऐकली असतील. न्यूरल ॲम्प मॉडेलर, म्हणजे नॅम, हे तर फुकट आणि ओपन सोर्स आहे.

यातला फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो. कॅप्चर हा फोटो आहे. त्यावर तुम्ही ट्रेबल वाढवलात, तर तो बहुतेक वेळा फोटोवर लावलेला फिल्टर असतो. मूळ ॲम्पचा नॉब फिरवल्यासारखं ते होत नाही. एकच ठरावीक आवाज हवा असेल तर कॅप्चर मस्त. नॉब फिरवत शिकायचं असेल, तर पहिली पद्धत बरी.

आता मुद्द्याचं बोलू. नवीन मॉडेलर हातात आला की आपण सगळे काय करतो? ॲम्पची यादी उघडतो. ही मॉडेलं कशाची आहेत, ते नावावरून ओळखत बसतो. मूळ नाव वापरता येत नसल्यामुळे कंपन्या टोपणनावं देतात. लाइन सिक्सच्या हेलिक्समध्ये व्हॉक्स एसी३० चं नाव आहे "एसेक्स ए३०". दोन तास यादी चाळतो आणि शेवटी म्हणतो, सगळे सारखेच वाटतात यार.

वाटणारच. कारण आवाजाचा मोठा हिस्सा यादीच्या पुढच्या ब्लॉकमध्ये आहे, कॅबिनेटमध्ये. म्हणजे स्पीकर, त्याचा लाकडी डबा आणि त्यासमोरचा माइक.

आत्ता एक प्रयोग करा. फाटक्या आवाजाचा एखादा प्रीसेट लावा आणि कॅबचा ब्लॉक बंद करा.

[इथे वाजवून दाखवलं आहे. ऑडिओत आवाज कमी ठेवा.]

ऐकलंत? डब्यात कोंडलेली गांधीलमाशी! ॲम्प तोच, गेन तोच. फक्त स्पीकर गेला. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही. ती त्याची मर्यादा, आणि तेच आपलं नशीब. ती गुणगुण, ती खरखर तो गाळून टाकतो. इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपण रेकॉर्डवर ऐकत मोठे झालो, तो या चाळणीतून आलेला आहे.

मॉडेलरमध्ये हे काम बऱ्याचदा आयआर करतो, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. रिकाम्या देवळात एक टाळी वाजवली की तो गाभारा कसा बोलतो, ते त्या एका टाळीत कळतं ना? तसंच. स्पीकर आणि माइक मिळून कसे बोलतात, त्याची ती छोटीशी ध्वनिफीत. माइक शंकूच्या मधोमध असेल तर आवाज धारदार, कडेकडे सरकला की मऊ. दोन-चार सेंटिमीटरचा फरकही कानाला कळतो. म्हणून टोन आवडत नसेल तर आधी ॲम्प बदलू नका, कॅब बदला. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक आणि व्हिंटेज ३० हे दोन स्पीकर, समोर शुअरचा एसएम५७ माइक, एवढ्यावर सुरुवात करा. हे जवळपास प्रत्येक मॉडेलरमध्ये कुठल्या ना कुठल्या नावाने सापडतात.

इथवर ठीक. पण मग घरी भारी असलेला टोन स्टेजवर का पडतो?

याचं उत्तर गिटारमध्ये नाही, कानात आहे. १९३३ मध्ये अमेरिकेत बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे मोजून दाखवलं. आवाज हळू असताना माणसाच्या कानाला बेस फार कमी ऐकू येतो, आणि अगदी वरचे, तीक्ष्ण सूरही कमीच. आवाज वाढला की ही तफावत कमी होत जाते.

आता बघा काय होतं. रात्री अकरा वाजता, घरचे झोपलेत, तुम्ही हळू आवाजात प्रीसेट बनवताय. बेस कमी वाटतो म्हणून वाढवता. चमक कमी वाटते म्हणून ट्रेबल वाढवता. मिड्स जरा नाकातून बोलल्यासारखे वाटतात म्हणून कमी करता. एकटी गिटार तेव्हा काय सुंदर वाटते! तोच प्रीसेट स्टेजवर चारपट मोठ्याने. बेस फुगतो आणि थेट बेस गिटार आणि किक ड्रमच्या अंगावर जातो. ट्रेबल झांजांमध्ये मिसळतो. आणि गिटारची खरी बसायची जागा, म्हणजे मिड्स, ती तर तुम्ही स्वतःच रिकामी करून ठेवलीय. रिकाम्या खुर्चीतला माणूस दिसणार कसा?

म्हणजे ट्यूब ॲम्प घेऊन हे सुटेल? त्यावरही बेस-ट्रेबल वर आणि मिड्स खाली केले, की तीच गत.

मग करायचं काय? मी जॅमरूममध्ये नवीन पोरांना जी पद्धत सांगतो, तीच सांगतो. रिकामा प्रीसेट घ्या. फक्त ॲम्प आणि कॅब. रिव्हर्ब नाही, डिले नाही. सगळे नॉब मधोमध.

पहिलं, कॅब ठरवा. तीन आयआर निवडा, एकच रिफ वाजवा, डोळे मिटून निवडा.

दुसरं, गेन. हवा तेवढा लावा आणि मग थोडा मागे घ्या. गेन वाढला की आवाज दाबला जातो, जोरात आणि हळू मारलेल्या स्ट्रोकमधला फरक मरतो. एकट्याने वाजवताना ते दणकट वाटतं, बँडमध्ये त्याची भिंत होते आणि तुमची बोटं त्या भिंतीमागे. गिटारचा व्हॉल्यूम नॉब सहावर आणून बघा. आवाज साफ होत असेल तर गेन बरोबर आहे.

तिसरं, दोन कात्र्या. कॅबच्या ब्लॉकमध्ये लो कट आणि हाय कट असतात. लो कट ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास ठेवा. हो, गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर आहे, तरी घाबरू नका. तिचा भरीवपणा वरच्या सुरांतून येतो. हाय कट ६,००० ते ८,००० हर्ट्झ. खरखर निघून जाते.

चौथं, मिड्स वाढवा. एकट्याने ऐकताना जरा कर्कश वाटेल, वाटू दे. आता ड्रम आणि बेस असलेला ट्रॅक लावून त्यावर वाजवा. टोनचा निकाल इथे लावायचा.

पाचवं, आणि हे टाळू नका: एकदा तरी मोठ्या आवाजात तपासा. जॅमरूमचा एक तास चौघांत वाटून घेतला तरी चालतो. शेजारच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागेल, एवढा व्हॉल्यूम पुरे. दहा-पंधरा मिनिटांत बेस आणि ट्रेबल नीट करा, प्रीसेट वेगळ्या नावाने सेव्ह करा. घरचा वेगळा, स्टेजचा वेगळा. सोलोसाठी गेन नका वाढवू. ॲम्पनंतर व्हॉल्यूमचा ब्लॉक टाका आणि ३ डेसिबल वाढवा.

अजून एक गोष्ट, जिथे भले भले अडकतात. मॉडेलरची वायर मिक्सरला जात असेल तर कॅब चालू हवा. तीच वायर एखाद्या खऱ्या गिटार ॲम्पला जात असेल तर कॅब बंद, कारण तिथे खरा स्पीकर आहे. दोन्ही चालू राहिले तर चाळणीखाली चाळणी, आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा. आणि त्या ॲम्पला मागे एफएक्स रिटर्नचं भोक असेल तर तिथे लावा. पुढे लावलंत तर एका ॲम्पमध्ये दुसरा ॲम्प बसतो.

आवाज शेवटी जिथून बाहेर पडणार तिथून उलटं मागे येत विचार करायचा, याचं टोकाचं उदाहरण सांगतो. डिसेंबर २०१३ मध्ये मेटालिकाने अंटार्क्टिकावर, अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर कार्यक्रम केला. तिथल्या निसर्गाला त्रास नको म्हणून मोठे स्पीकर नव्हते. प्रेक्षकांनी हेडफोन लावून मेटालिका ऐकली! गिटारचा आवाज मॉडेलरमधून, फ्रॅक्टलच्या ॲक्स-एफएक्समधून येत होता. म्हणजे ज्यांच्यामागे ॲम्पचे डोंगर उभे राहू शकतात, त्यांनीही आधी विचारलं: हा आवाज ऐकला कुठे जाणार?

आता घ्यायचा कुठला, हा तुमचा लाडका प्रश्न. "यात २०० ॲम्प, त्यात ४०" हे विसरा. तुम्ही वर्षभरात तीनच वापरणार आहात. दुकानात हे विचारा. एक, बाहेरचे आयआर यात टाकता येतात का? दोन, मिक्सरला थेट जायला एक्सएलआर किंवा बॅलन्स्ड आउटपुट आहे का? तीन, उभं राहून पायाने प्रीसेट बदलता येतो का? चार, फोनच्या ॲपशिवाय नॉब फिरवता येतात का? स्टेजवर फोनची बॅटरी कधी दगा देईल, सांगता येत नाही. आणि फक्त घरीच वाजवायचंय, लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस आहेच, तर आधी नॅम फुकटात वापरून बघा. इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंट इनपुट निवडा, नाहीतर आवाज मंद, मेलेला येतो.

आणि हो, साधे ब्लूटूथ इअरबड्स लावून वाजवायचं नाही. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. ॲम्पपासून तीन मीटरवर उभं राहिलात तर ९ मिलिसेकंदांचा उशीर होतोच, तो कुणाला कळत नाही. पण ब्लूटूथमध्ये सहज १०० मिलिसेकंद जातात. म्हणजे ॲम्प ३४ मीटर लांब, मैदानाच्या पलीकडे! ताल चुकतो आणि पोरं स्वतःला दोष देत बसतात. वायरचे हेडफोन घ्या.

तर या आठवड्याचा गृहपाठ. एकच प्रीसेट, ॲम्प आणि कॅब, बाकी काही नाही. घरी बनवा, मोठ्या आवाजात तपासा, आणि दोन्हीचं फोनवर रेकॉर्डिंग करून मला पाठवा. सोबत लिहा, काय काय बदलावं लागलं. माझा अंदाज सांगून ठेवतो: बेस खाली आला असेल, मिड्स वर गेले असतील.

भेटू पुढच्या भागात. तोवर वाजवत राहा, आणि शेजाऱ्यांना सांभाळा!