एका पावतीची गोष्ट
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



वॉशिंग्टनला मी काय काम करीत होते, असे पुष्कळजणी विचारतात. देशोदेशी लोकशाहीसाठी झटणाऱ्या मंडळांना अनुदान देण्यासाठी १९८३ साली तेथे ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमोक्रसी’ ही संस्था स्थापन झाली. तिचा पैसा मुख्यतः अमेरिकन काँग्रेसच्या मंजुरीने येतो. त्याच धर्तीच्या एका लहान संस्थेच्या कचेरीत मी मदतनीस होते. अर्ज नोंदवायचे, करारांवर सह्या घ्यायच्या, हिशेब आला की पावत्या ताडून पाहायच्या आणि पुढच्या हप्त्यासाठी कागद वर पाठवायचा, हे माझे काम.

एकदा एका परदेशी महिला मंडळाच्या हिशेबात एक पावती कमी निघाली. मी फाईल बाजूला ठेवली आणि त्यांना कळवायचे विसरले! तीन आठवड्यांनी त्यांच्या चिटणीसबाईंचे पत्र आले. जागेचे भाडे थकले होते. “आमचे काही चुकले का?” असे त्यांनी विचारले होते. मी खजील झाले. त्याच दिवशी वरिष्ठांपाशी चूक कबूल केली. पावती आली, हप्ता गेला.

पैसा लोकांचा, तेव्हा पावती मागायलाच हवी होती. पण ती मागायला उशीर करण्याचा अधिकार मला कोणी दिला होता?

आज आपल्या मंडळाची वर्गणीवही लिहिताना मला त्या बाई आठवतात. हिशेब चोख आणि उत्तर वेळेवर, लोकशाहीचा एवढा भाग तरी आपल्या हातात आहे.