हलका रेझर: कशाचा आणि कोणासाठी?

आज शनिवार, म्हणजे ऐकणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्यांनी अजून दाढी केलेली नसणार. आणि बायकांना वाटेल, आजचा विषय आपला नाही. पण थांबा, स्टेशन बदलू नका. सासऱ्यांसाठी, नवऱ्यासाठी किंवा नुकतंच मिसरूड फुटलेल्या मुलासाठी रेझर विकत आणणारी व्यक्ती बऱ्याच घरांत तुम्हीच असता.

विषय आहे सेफ्टी रेझर, म्हणजे आपल्या वडिलांकडे असायचं ते दुधारी ब्लेड घालायचं दाढीचं मशीन. प्लॅस्टिक कमी वापरायचं म्हणून आणि कार्ट्रिजचे भाव पाहून हल्ली बरीच मंडळी त्याकडे परत वळताहेत. दुकानात गेलं की कळतं, आता ते फक्त पितळेचं मिळत नाही. ॲल्युमिनियम, टायटॅनियम, प्लॅस्टिक, सगळं आहे, आणि जाहिरात एकच: "हलका!" हलका म्हणजे चांगला का? आणि कोणासाठी?

विषय आपल्या गावचा आहे बरं का. किंग कॅम्प जिलेट यांनी १९०१ मध्ये कंपनी काढली ती इथे, बॉस्टनमध्ये. कागदासारख्या पातळ पोलादी पात्याला धार लावता येणार नाही, असं तेव्हाचे जाणकार सांगत होते. ते करून दाखवलं विल्यम निकरसन यांनी. ते एमआयटीत शिकलेले. पुण्याच्या नव्हे, इथल्या! १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड्स. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. पेटंट मिळालं १५ नोव्हेंबर १९०४ ला.

ते रेझर पितळेचे होते, वर चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा. पितळेचं काम करायला सोपं, मुलामा छान बसतो, लोखंडासारखं गंजत नाही. फक्त जड.

आता एक साधा हिशोब करू. समजा एका रेझरला १० घन सेंटीमीटर धातू लागतो. पितळेचा केला तर वजन साधारण ८५ ग्रॅम. स्टेनलेस स्टीलचा ८०. स्वस्त क्रोमवाल्या रेझरमध्ये जस्ताचा मिश्रधातू असतो, त्याचा ६७. टायटॅनियमचा ४५. ॲल्युमिनियमचा २७. मॅग्नेशियमचा १८. आणि प्लॅस्टिकचा १२ च्या आसपास. आकार तोच, पण वजनात सात पटींचा फरक.

मग सगळे रेझर प्लॅस्टिकचेच का नाहीत? कारण रेझरचं खरं काम ब्लेड घट्ट धरून ठेवणं हे आहे. दुधारी ब्लेडची जाडी असते ०.१ मिलिमीटर. नुसतं हातात धरलं तर ते लवतं. रेझरची वरची टोपी आणि खालची बैठक त्याला दाबून बाक देतात. सपाट पत्रा वाकतो, पण पन्हळी पत्रा छपराचं वजन पेलतो, तसंच हे. बाक आला की पातं ताठ होतं. टोपी आणि बैठक स्वतःच लवचिक असतील, तर पातं गालावर थरथरतं, केस ओढतं आणि कापतं.

आणि इथे प्लॅस्टिक मागे पडतं. रेझरसाठी वापरतात ती नेहमीची प्लॅस्टिकं ॲल्युमिनियमच्या तुलनेत तीसेक पट लवचिक असतात. म्हणून प्लॅस्टिकच्या रेझरचं डोकं जाड करावं लागतं.

तरी प्लॅस्टिकचा प्रयोग जुनाच आहे. दुसऱ्या महायुद्धात पितळ काडतुसांना लागायचं, तेव्हा बेकेलाइटच्या मुठीचे रेझर निघाले. बेकेलाइट तुम्हाला माहीत आहे: कुकरचा काळा दांडा, जुन्या वाड्यातलं काळं बटण. हलकं आणि उष्णतेला टिकणारं, पण फरशीवर पडलं की तुकडे. तेव्हा कोणाला आजोबांचा बेकेलाइटचा रेझर मिळाला असेल, तर तो जपून शोकेसमध्ये ठेवा. वापरायचाच असेल तर बेसिनमध्ये टॉवेल पसरून वापरा.

ॲल्युमिनियम हा सध्याचा हिरो. कॅनडात हेन्सन नावाची कंपनी आहे, विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निघालेली. त्यांचा ॲल्युमिनियमचा रेझर ३७ ग्रॅमचा. त्याचं वैशिष्ट्य फक्त वजन नाही. पात्याची धार बाहेर किती डोकावते, हे त्यांनी ०.०३३ मिलिमीटरवर ठेवलं आहे, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. धातू हलका म्हणून तो रेझर सौम्य आहे असं नव्हे. तो सौम्य आहे कारण मापं काटेकोर आहेत.

पण ॲल्युमिनियमचा स्वभाव आपल्या आयांना ठाऊक आहे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंच उकळली की काय होतं? म्हणून रेझरवर ॲनोडायझिंग करतात. तुमच्या घरची काळी हार्ड ॲनोडाइज्ड कढई आठवा, तोच प्रकार. हा वरून लावलेला रंग नसतो, धातूच्याच पृष्ठभागाचं कठीण ऑक्साइड केलेलं असतं. ते टिकतं, पण आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्हींना घाबरतं. म्हणून असा रेझर डिशवॉशरमध्ये टाकू नका, व्हिनेगर, सोडा किंवा ब्लीचमध्ये भिजवू नका. साधा साबण, जुना टूथब्रश, कोमट पाणी, बस. आणि ओलं पोलादी ब्लेड आत तसंच ठेवू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट पाणी असलं की ॲल्युमिनियम हळूहळू झिजतं.

मॅग्नेशियम याहून हलकं, म्हणून कारागिरांना त्याचा मोह पडतो. पण पोलादाशेजारी ओलाव्यात ते ॲल्युमिनियमपेक्षाही लवकर झिजतं. ओल्या बाथरूममध्ये तो धातू म्हणजे पावसात ठेवलेला गूळ. वरचा लेप कुठे उडाला की संपलं.

टायटॅनियमची गोष्ट उलटी. गंजत नाही, साबणाला आणि खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. दातांचे इम्प्लांट त्याचेच असतात, यात सगळं आलं. वजन स्टीलच्या जवळजवळ निम्मं. अडचण फक्त खिशाची. हा धातू कापताना उष्णता बाहेर जात नाही, कापणाऱ्या हत्याराच्या टोकाशीच साठते. त्यामुळे काम सावकाश चालतं, हत्यारं लवकर झिजतात, आणि ते बिल आपल्याकडे येतं.

इथे माझ्यातला एमबीए जागा होतो, कारण या धंद्यातली एक गोष्ट शिकवायला फार चांगली आहे. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत जिलेटने भारतासाठी एक रेझर काढला. भारतीय माणूस रोज दाढी करत नाही, केस वाढलेले असतात, म्हणून अडकलेले केस ढकलायला त्यात एक पट्टी बसवली. चाचणी घेतली कोणावर? एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांना आवडला. भारतात मात्र चालला नाही. कारण तिथे असंख्य माणसं नळाखाली दाढी करत नाहीत. मग्यात थोडं पाणी, भिंतीला छोटा आरसा, आणि जमिनीवर बैठक. वाहत्या पाण्याशिवाय केस निघेनात.

मग कंपनीची माणसं भारतात जाऊन लोकांच्या घरी बसली. त्यातून २०१० मध्ये जिलेट गार्ड आला: एकच ब्लेड, मोजके भाग, पोकळ म्हणून हलकी प्लॅस्टिकची मूठ, मग्यात हलवला तरी साफ होणारा. किंमत १५ रुपये, वरचं ब्लेड ५ रुपये. तो हलका होता कारण वापरणाऱ्याच्या खिशाला आणि मग्याला ते सोयीचं होतं.

मंडळी, त्या चाचणीतली पोरं म्हणजे आपणच की. भारतीय खरे, पण नळ इथला. आईवडिलांसाठी आपण वस्तू निवडतो तेव्हा हेच होतं. नळ आपला, हात त्यांचे.

माझे वडील यंदा सहा महिन्यांसाठी आले आहेत. वय ७८. बोटांना संधिवात, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. जवळ चाळीस वर्षं वापरलेला पितळी रेझर. डॉक्टर म्हणाले, या गोळीवर इलेक्ट्रिक शेव्हर सगळ्यात सुरक्षित. तुमच्याही घरी गोळी चालू असेल तर पहिला सल्ला तोच समजा. मी शेव्हर आणला. बाबांनी चार दिवस वापरला. पाचव्या दिवशी दाढी केली नाही, सहाव्याही दिवशी नाही. आईने मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. म्हणाली, "अरे, त्यांना त्या मशीनचा राग नाही. आता माझ्या हातात ब्लेड द्यायला पोरं घाबरतात, असं त्यांच्या मनाने घेतलंय."

तेव्हा पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, या वेळी बाबांना बोलायला लावलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि त्यांची प्रकृती बघून अटी घातल्या: सौम्य रेझर, खुर्चीत बसून, घाई नाही, कापलंच तर दहा मिनिटं दाबून धरायचं, आणि रक्त थांबलं नाही तर लगेच फोन. आम्ही ॲल्युमिनियमचा हलका रेझर घेतला आणि मुठीवर जाड रबरी नळी चढवली. दुखणाऱ्या बोटांना बारीक दांडा आवळावा लागतो, जाड दांडा नुसता धरला तरी पुरतो.

एक गोष्ट शिकावी लागली. जड रेझर स्वतःच्या वजनाने उतरतो, आपण फक्त दिशा द्यायची. हलक्या रेझरला दाब आपण देतो, आणि हातात काही जाणवत नाही म्हणून तो जास्तच दिला जातो. उपाय सोपा: मूठ खालच्या टोकाशी, दोन-तीन बोटांत धरायची. तिथून जोर लावताच येत नाही. बाबांना आठवडा लागला. आता सकाळी बाथरूममधून नाट्यगीत ऐकू येतं, म्हणजे समजायचं गाल झाले, हनुवटी चालू आहे.

तर रेझर घेण्याआधी चार गोष्टी पाहा.

एक, जुना रेझर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन बघा. सवय ८० ग्रॅमची असेल तर एकदम ३७ वर येणं हा मोठा बदल आहे.

दोन, हात पाहा. पकड कमी असेल किंवा बोटं दुखत असतील तर हलका रेझर आणि जाड मूठ. हात कापत असेल तर उलट थोडं वजन काहींना बरं पडतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट अशा माणसांना जड चमचे सुचवतात, ते याचसाठी. आधी दोन्ही ब्लेडशिवाय हातात देऊन बघा.

तीन, मुलाची पहिली दाढी असेल तर धातूपेक्षा सौम्य डोक्याला महत्त्व द्या. टायटॅनियमचे पैसे कॉलेजच्या फीसाठी ठेवा.

चार, ब्लेड्स विमानात हातातल्या बॅगेत नकोत, चेक-इनमध्ये टाका. वापरलेली ब्लेड्स टिनच्या बंद डब्यात साठवा. कचरा उचलणाऱ्यालाही हात असतात.

आणि खरेदीचं बटण दाबण्याआधी ज्याची दाढी आहे त्याला विचारा. आपल्याला वाटतं आपण वस्तू निवडतोय. समोरच्याला वाटतं, आपल्याला काय जमतं आणि काय नाही, हे दुसराच कोणी ठरवतोय.

पुढच्या शनिवारी याच वेळी भेटू. तोवर काळजी घ्या, आणि दाढी राहिली असेल तर सावकाश करा. नमस्कार.