वाळूवर आळ

एप्रिल लागला, मुलांच्या परीक्षा संपल्या, की गृहसंकुलांतल्या पोहण्याच्या तलावांवर झुंबड उडते. आणि थोड्याच दिवसांत तक्रार येते, पाणी गढूळ दिसतंय. कमिटीची बैठक बसते. कोणीतरी ठासून सांगतं, "फिल्टरमधली वाळू गेली, बदलून टाका." मग पोती येतात, मजूर येतात, ऐन सुट्टीत तलाव बंद राहतो, आणि एवढं करूनही पाणी पुन्हा गढूळच. कारण बिघाड वाळूत नव्हताच. चांगली सिलिका वाळू पाच ते सात वर्षं सहज काम देते. म्हणून वाळूची ऑर्डर देण्याआधी पंपरूममध्ये जाऊन काय काय बघायचं, तेवढंच आज बोलणार आहे.

फिल्टर म्हणजे ते मोठं गोल पिंप. पंप तलावातलं पाणी ओढतो आणि पिंपात वरून सोडतो. पाणी वाळूतून खाली झिरपतं, कचरा वाळूत अडकतो. तळाशी बारीक चिरा पाडलेल्या नळ्या असतात, त्यांना लॅटरल म्हणतात. त्यांतून स्वच्छ पाणी परत तलावात जातं. पाण्याची ही वाट बदलायला वर किंवा बाजूला हँडल असलेला मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह असतो. फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट अशा खुणा त्यावर कोरलेल्या असतात. इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. पंप चालू असताना हे हँडल कधीही फिरवायचं नाही. आतलं गॅस्केट तिथेच फाटतं. त्याचा प्रताप पुढे सांगतोच.

आता त्या पिंपावरचं प्रेशर गेज बघा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ते धुळीने माखलेलं असतं, काच तडकलेली असते, आणि काटा कित्येक महिने एकाच आकड्यावर बसलेला असतो. म्हणून आधी गेजचीच परीक्षा घ्या. पंप बंद केला की काटा शून्यावर यायला हवा. पंपरूम तलावाच्या पातळीच्या खाली असेल तर शून्याच्या किंचित वर थांबेल, ते चालतं. पण पंप बंद असतानाही काटा एक किलोवर उभा असेल तर गेज बदला. ते फार महाग नसतं, आणि त्याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

गेज ठीक असेल तर बॅकवॉश, म्हणजे उलट्या पाण्याने वाळू धुणं, झाल्यावर लगेच काटा कुठे आहे ते बघून पिंपावर मार्करने लिहून ठेवा. हा आपल्या तलावाचा स्वच्छ दाब. तो प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, शेजारच्या सोसायटीचा आकडा आपल्याला उपयोगाचा नाही. या आकड्यावर आठ ते दहा पीएसआय, म्हणजे आपल्या फिटरांच्या भाषेत अर्ध्या किलोहून थोडा जास्त, दाब चढला की बॅकवॉश करायचा. त्याआधी नाही.

हे 'त्याआधी नाही' अनेकांना पटत नाही. रोज सकाळी बॅकवॉश करणारे कामसू ऑपरेटर मी पाहिले आहेत. त्यांच्या मेहनतीला नाव ठेवत नाही, पण त्याने पाणी सुधारत नाही. नुकत्याच धुतलेल्या वाळूतून बारीक कण निसटतात. थोडा मळ साठला की कणांमधल्या फटी अरुंद होतात आणि गाळणं उलट चांगलं होतं. शिवाय पाण्याचा हिशेब बघा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरच्या आतबाहेर खोल अशा लहान तलावात साठेक हजार लिटर पाणी असतं. त्याला तासाला दहा हजार लिटरचा पंप असेल तर बॅकवॉशच्या प्रत्येक मिनिटाला सुमारे एकशे सासष्ट लिटर पाणी गटारात जातं. तीन मिनिटांत पाचशे लिटर. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या सोसायटीने हे रोज करावं का, ते कमिटीने ठरवावं.

बॅकवॉशमध्ये पाणी खालून वर येतं. वाळूचा थर उचलला जातो, आधणातल्या भातासारखा खालीवर होतो आणि कणांना चिकटलेला मळ सुटून बाहेर पडतो. व्हॉल्व्हजवळच्या छोट्या काचेतून पाणी नितळ दिसेपर्यंत थांबायचं, घड्याळ लावून नव्हे. मग पंप बंद, हँडल रिन्सवर, आणि अर्धा-एक मिनिट पाणी बाहेर. हा रिन्स बहुतेक जण गाळतात. मग पंप सुरू होताच तलावातल्या इनलेटमधून मातकट ढग बाहेर येतो आणि आळ पुन्हा वाळूवर.

समजा बॅकवॉश नीट केला, तरी दाब उतरत नाही. आधी परतीच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिलाय का ते बघा. तो पूर्ण उघडा असेल, तर मात्र संशय वाळूवर घ्यायला हरकत नाही. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी, त्यात ब्लीचिंग पावडरमधलं कॅल्शियम, आणि पीएच चढलेला. अशा तलावात वाळूवर क्षार बसून तिच्या ढेपा होतात. दुसरं कारण आपल्या डोक्यावरच आहे, खोबरेल तेल. अंघोळ न करता पाण्यात उतरणाऱ्यांचं तेल वाळूच्या कणांना चिकटतं, ते बॅकवॉशने जात नाही. वाळू गोळे धरते आणि पाणी त्या गोळ्यांच्या मधून आपली वाट काढून न गाळताच खाली जातं. पिंप उघडून बघा. वाळूचा पृष्ठभाग सपाट असायला हवा. खड्डे, चरे किंवा हातात टणक ढेकळं लागली तर निदान झालं. पण उघडण्याआधी पंपाचा मेन स्विच बंद करा, पाण्याचे व्हॉल्व्ह बंद करा आणि एअर रिलीज उघडून दाब शून्यावर आणा. दाबाखालचं झाकण उडतं. त्यात माणूस जिवाला मुकू शकतो.

दाब नेहमीपेक्षा कमी असेल तर फिल्टरला हात लावायचं कारण नाही. गेज वाळूच्या आधीचा दाब दाखवतं. तो कमी म्हणजे पिंपापर्यंत पाणीच कमी येतंय. पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी काढून बघा. केस, पानं, प्लास्टरच्या पट्ट्या, कधी कानातला डूलही सापडतो. तलावाची पातळी वरचं पाणी ओढणाऱ्या स्किमरच्या तोंडाखाली गेली असेल तर पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. जाळीच्या पारदर्शक झाकणात बुडबुडे दिसतात, इनलेटमधूनही येतात. झाकणाची ओ-रिंग सुकली किंवा तिच्यावर वाळूचा कण बसला तरी तेच होतं. पंप चालू असताना सांध्यांवर मगाने पाणी ओतत जा. ज्या सांध्यावर ओतल्यावर बुडबुडे थांबतील, तिथून हवा शिरत होती.

आता ते फाटलेलं गॅस्केट. तलावाची पातळी रोज उतरते, कमिटीला वाटतं टाइल्सखाली गळती आहे, वॉटरप्रूफिंगवाल्याचं लाखाचं कोटेशन येतं. त्याआधी हँडल फिल्टरवर ठेवून पंप चालू करा आणि बाहेर गटाराकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. तिथून थेंबही पडता कामा नये. मिनिटाला एक लिटर एवढी बारीक धार असेल आणि पंप दिवसरात्र चालत असेल, तर दिवसाला १,४४० लिटर गेले. मघाच्या दहा बाय पाचच्या तलावात पातळी जवळजवळ तीन सेंटिमीटर उतरली. पाणी वाफ होऊन किती जातं, तेही ताडून बघता येतं. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, बादलीतली आणि तलावातली पातळी सारखी करा. दुसऱ्या दिवशी दोन्ही सारख्याच उतरल्या असतील तर ते उन्हाचं काम.

आणि दाब अगदी बरोबर, तरीही पाणी हिरवट किंवा धूसर? मग पंपरूममधून बाहेर या आणि टेस्ट किट काढा. वाळूचा फिल्टर साधारण वीस ते चाळीस मायक्रॉनपर्यंतचे कण धरतो. जिवंत शेवाळाच्या पेशी त्याहून लहान असतात, त्या खुशाल आरपार जातात. त्यांना मारायचं काम क्लोरीनचं. आणि क्लोरीन पुरेसं असूनही पीएच चढला असेल तर ते नुसतं मोजण्यापुरतं उरतं. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतुनाशाच्या कामाचा असतो, ८ ला जेमतेम पाव. शेवाळ मेलं की हिरवं पाणी राखाडी होतं. लोक घाबरतात, पण ही चांगली खूण आहे. आता फिल्टरचं काम सुरू, आणि एकदोन जादा बॅकवॉश इथे खरोखरच लागतात.

पाणी लवकर नितळावं म्हणून तुरटी टाकतात. टाका, पण पंप चालू ठेवून नको, त्या गाळाचा चिकट थर थेट वाळूवर बसेल. तुरटी नीट मिसळून रात्रभर पंप बंद ठेवा. सकाळी तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूमने ओढायचा, आणि तेव्हा हँडल वेस्टवर.

इतकं सगळं तपासूनही वाळू बदलायचीच ठरली तर बांधकामाची वाळू आणू नका. तिच्यात माती असते, कण लहानमोठे असतात. अर्धा ते एक मिलिमीटरची चाळलेली सिलिका वाळू घ्या, किंवा फिल्टरवाल्याने आपल्या पुस्तिकेत दिली असेल ती. मधल्या उभ्या नळीचं तोंड प्लास्टिकने बांधा, पिंप अर्धं पाण्याने भरा आणि मग वाळू हळूहळू सोडा. उंचावरून पोतं रिकामं केलं तर तळाचे लॅटरल मोडतात, आणि मग वाळू इनलेटमधून तलावात येऊ लागते. भरून झाल्यावर नळीवरचं प्लास्टिक काढायला विसरू नका. पहिल्या बॅकवॉशचं पाणी पांढरट येईल, ती नव्या वाळूची भुकटी. ती पूर्ण जाईपर्यंत थांबा, मग रिन्स, मगच हँडल फिल्टरवर. घाई केलीत, तर संध्याकाळी काठावर उभी राहून मुलं विचारतील, "काका, नवीन वाळू टाकली ना? मग पाणी पांढरं का?"