ऐकणारं कुणीतरी हवं



संमेलनाध्यक्षानं साहित्यातल्या प्रवाहांवर बोलावं, अशी रीत आहे. मी मात्र आज आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या एकटेपणावर आणि त्यांच्या हाती आपण दिलेल्या यंत्रांवर बोलणार आहे. मला हा विषय साहित्याचाच वाटतो.

आपल्या बिलोली तालुक्यातली पोरं हैदराबादला, निजामाबादला, पुण्याला गेली. कुंडलवाडीत जा, सगरोळीत जा, ओसरीवर एकटी बसलेली आजी दिसतेच. मुलं काही निष्ठुर नाहीत. दिवाळीला येताना मोठा टीव्ही आणतात, स्मार्टफोन आणतात. पण या वस्तू तिला दिवसभर ऐकवत राहतात. तिचं कोण ऐकतं? आपल्या बोलण्याची आता कुणाला गरज उरली नाही, हे कळतं तेव्हा माणूस भरल्या घरातही एकटा पडतो.

एका घरात मी साधा, बटणांचा फोन पाहिला. नातवानं दोनच्या बटणावर लाल टिकली चिकटवली होती. आजीला अक्षरओळख नाही, नजरही अधू. बोटाला टिकली लागली की बटण दाबून धरायचं, हैदराबादच्या लेकाला फोन लागतो. "जेवलास का? पाऊस पडायलाय का तिकडं?" एवढं विचारलं की तिचं समाधान होतं. महागड्या फोनवरच्या व्हिडिओ कॉलसाठी तिला शेजारच्या पोराची वाट बघावी लागते. इथं फोन कधी करायचा, हे ती स्वतः ठरवते. मला ही टिकली फार मोलाची वाटते.

दुसरी गोष्ट कानांची. ऐकू येईना की माणूस पारावरून उठतो, हरिपाठाला जायचं सोडतो, आणि घरचे म्हणतात, बाबा आताशा कुणात मिसळत नाहीत. 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना श्रवणयंत्र मिळू शकतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 2024 पासून 65 वर्षांवरच्या पात्र व्यक्तीच्या खात्यात अशा साधनांसाठी 3000 रुपये जमा होतात. पण यंत्र कानात नीट बसवून देणारं, आवाज कमी-जास्त करून देणारं, सेल बदलून देणारं माणूस गावात लागतं. ते नसेल, तर यंत्र डबीतच राहतं.

आता बोलकी यंत्रंही आली. गुगल असिस्टंट 2018 पासून मराठी बोलतो. पण आपल्या तेलंगण सीमेवरच्या म्हाताऱ्यांच्या मराठीत तेलुगू आहे, दखनी आहे, कानडी आहे. अशी बोली यंत्राला पुरेशी ऐकवलेलीच नसेल, तर ती त्याला कळणार कशी? केंद्र सरकारच्या 'भाषिणी' या भाषांतराच्या उपक्रमात 'भाषादान' नावानं लोकांकडून आवाज घेतले जातात. बिलोलीचे आवाज तिथं का असू नयेत?

असे आवाज जपण्याचं काम याआधीही झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आज त्याच बायकांच्या आवाजात इंटरनेटवर ऐकता येतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी एवढं साहित्य दिलं, कारण कुणीतरी त्यांच्यासमोर बसून ऐकायला तयार होतं. तेव्हा टेपरेकॉर्डर घेऊन जावं लागायचं. आज ते यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि आपण ते म्हाताऱ्यांपुढे धरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून माझी मागणी आहे. शाळांमधल्या आठवी-नववीच्या मुलांनी आठवड्यातली एक दुपार एका आजी-आजोबांकडे बसावं. मांजरा नदीचा पूर, रझाकारांच्या काळातल्या ऐकलेल्या गोष्टी, लग्नातली गाणी, बियाणं राखायची रीत, काय हवं ते विचारावं. आधी परवानगी घ्यावी. नाव द्यायचं की नाही, ते सांगणाऱ्यानं ठरवावं. रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांच्याच घरी ठेवावी, म्हणजे पुण्याच्या नातवालाही ऐकता येईल. संमेलनाच्या वर्गणीतून पैसे उरले, तर ते श्रवणयंत्रांच्या सेलसाठी बाजूला काढावेत. आणि पुढच्या वर्षी कवितांचं एक सत्र कमी करून त्या वेळात ही सांगणारी माणसं व्यासपीठावर बसवावीत. आम्ही लिहिणारे समोर सतरंजीवर बसू.