दत्तक रस्ते आणि बंदूकधारी स्वयंसेवक

(ग्रामस्वच्छतेविषयीच्या शिबिरात पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



सार्वजनिक स्वच्छतेच्या कामात कोणाला सहभागी करून घ्यावे, हा प्रश्न आपल्यापुढे वारंवार उभा राहतो. गावात तट असतात, मंडळे असतात. अमुक मंडळाला काम दिले तर ते आपलाच डंका पिटील, अशी शंका घेतली जाते. या प्रश्नावर प्रकाश टाकणारी अमेरिकेतील एका योजनेची हकीकत मी आपणापुढे मांडणार आहे.

१९८४ साली टेक्सास राज्याच्या महामार्ग विभागातील अभियंते जेम्स इव्हान्स यांना टायलर शहराजवळ पुढील मालवाहू गाडीतून कचरा उडून रस्त्यावर पडताना दिसला. कचरा उचलण्याचा शासकीय खर्च वाढतच होता. रस्त्याचा एकेक भाग नागरिकांच्या मंडळांनी सांभाळावा, ही कल्पना त्यातून पुढे आली. विभागाचे जनसंपर्क अधिकारी बिली ब्लॅक यांनी तिला योजनेचे रूप दिले. ९ मार्च १९८५ रोजी टायलरच्या सिव्हिटन क्लबने दोन मैलांचा, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोमीटरचा, पट्टा दत्तक घेतला. पुढे ही महामार्ग दत्तक योजना इतर राज्यांनीही स्वीकारली.

मिशिगन राज्यात ती १९९० पासून चालू आहे. तेथे मंडळाला किमान दोन वर्षांची जबाबदारी घ्यावी लागते आणि वर्षातून तीन वेळा सफाई करावी लागते. स्वयंसेवकाचे वय किमान बारा वर्षे असावे लागते. दुरून दिसणारी पिवळसर हिरवी जाकिटे व कचऱ्याच्या पिशव्या विभाग विनामूल्य देतो आणि भरलेल्या पिशव्या उचलून नेण्याची व्यवस्थाही तोच करतो. मोबदल्यात मंडळाला पैसा मिळत नाही. त्याच्या नावाचा फलक तेवढा रस्त्याच्या कडेला लागतो.

अशा फलकांवर शाळा, चर्च व व्यापारी मंडळे यांच्याबरोबर शिकाऱ्यांच्या आणि नेमबाजांच्या संस्थांचीही नावे आढळतात. बंदूक बाळगण्याच्या हक्काचा उघड पुरस्कार करणारे नागरिकही या कामाला पुढे आले आहेत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. तेथे १७९१ च्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काला संरक्षण दिले आहे. रानावनाशी शिकाऱ्यांचा संबंधही जुना आहे. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनासाठी राखून ठेवले आणि त्या कायद्याला शिकाऱ्यांच्या संघटनांचा पाठिंबा होता.

तरीही या सहभागाकडे सर्वच नागरिक कौतुकाने पाहतील, असे नाही. २०२१ या एका वर्षात त्या देशात ४८ हजारांहून अधिक माणसे बंदुकीने मृत्युमुखी पडली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. ज्याच्या घरातील माणूस असे गेले, त्याला तो फलक पाहून काय वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. आपल्याविषयी समाजाचे मत चांगले व्हावे, ही इच्छा या स्वयंसेवकांच्या मनात असतेच. उचललेल्या कचऱ्याने बंदुकीचा वाद मिटत नाही. मात्र तो वाद मिटेपर्यंत कचरा रस्त्यावरच पडू द्यावा, असेही कोणी म्हणणार नाही.

मग शासनाने मर्यादा कोठे आखावी? याची सर्वांत कठीण कसोटी मिसुरी राज्यात लागली. कृष्णवर्णीयांचा द्वेष व हिंसाचार यांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या कू क्लक्स क्लान या संघटनेने तेथे रस्ता दत्तक मागितला. राज्याने नकार दिला. केवळ मते अप्रिय आहेत म्हणून कोणाला योजनेतून वगळता येणार नाही, असा निर्णय २००० साली संघीय अपील न्यायालयाने दिला. फलक लावणे राज्याला भाग पडले. तेव्हा विधिमंडळाने त्या पट्ट्याला रोझा पार्क्स यांचे नाव दिले. १९५५ साली माँटगोमेरी येथे बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार देणाऱ्या याच त्या कृष्णवर्णीय महिला. पुढे क्लानने सफाई केलीच नाही आणि त्याच कारणावरून तिला योजनेतून काढून टाकण्यात आले.

मित्रहो, या प्रकरणातील बोध आपल्या कामाचा आहे. मतावरून दिलेला नकार टिकला नाही. काम न केल्यामुळे झालेली कारवाई नियमाला धरून होती. म्हणून योजना आखताना अटी कामाच्या असाव्यात : किती अंतर, वर्षातून किती वेळा, कोणती सुरक्षा आणि काम न झाल्यास काय. अटी लेखी असाव्यात व सर्वांना सारख्याच लागू व्हाव्यात. मंडळाने उचललेला कचरा हलविण्याची जबाबदारी मात्र पंचायतीने स्वतःकडे ठेवावी. नाहीतर भरलेल्या पिशव्या तेथेच फाटून पुन्हा उकिरडा होतो.

गाडगेबाबा गावात शिरत ते हाती खराटा घेऊन. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानात गावांनी एकत्र येऊन काम करण्याचा अनुभव घेतला आहे. आपापल्या गावी परतल्यावर वेशीपासून मुख्य रस्त्यापर्यंतचा एक तुकडा निवडावा आणि तो सांभाळण्यासाठी प्रथम त्या मंडळाला बोलवावे, ज्याच्याशी आपले पटत नाही. त्याच्यापुढे अटींचा कागद ठेवावा आणि वर्षअखेरीस त्याचे मूल्यमापन त्या कागदावरूनच करावे, एवढीच माझी विनंती आहे.