यादीतले सभासद आणि सभेतले सभासद

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक ताईंनी 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' असा भारदस्त शब्द वापरला. मराठीत त्याला दलाल म्हणतात. मला त्या शब्दाचा राग नाही. राग आलाच तर तो शब्द इतका बदनाम का झाला, याचा येतो. त्यात आमच्या व्यवसायातल्या लोकांचा हात किती आणि आमच्या संघटनांच्या झोपेचा हात किती, हाच आजचा विषय आहे. समितीने पत्रिकेत 'व्यावसायिक संघटना आणि सभासदांचा सहभाग' असे छापले आहे. ते वाचून काही जण घरीच थांबले असतील, तरी बराच हॉल भरलेला दिसतो. (जेवणाचा मेनू आधीच फुटला होता असे ऐकतो.)

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आय.टी.मध्ये आहेत, काही बँकेत, काही संरक्षण खात्याच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले. आमच्या संघटनेशी तुमचा काय संबंध? संबंध एवढाच की तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम ज्या व्यवहारात जाते, त्यात मध्ये मी उभा असतो. सनदी लेखापालाला १९४९ च्या कायद्याखालची संस्था आहे, वकिलाला १९६१ चा कायदा आणि बार कौन्सिल आहे. परीक्षा दिल्याशिवाय आत येता येत नाही आणि गैरवर्तन केले तर बाहेर काढता येते. आमच्याकडे २०१६ पर्यंत देशपातळीवर असे काहीच नव्हते. एक मोबाइल आणि एक मोटरसायकल असली की माणूस एजंट होत असे.

२०१६ साली रेरा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या कलम ९ प्रमाणे, नोंदणी झालेल्या प्रकल्पातले घर किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटालाही स्वतःची नोंदणी करावी लागते. नाही केली तर कलम ६२ खाली रोजचे दहा हजार रुपये दंड, तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. कलम १० सांगते की हिशेबाची पुस्तके ठेवा, खोटी आश्वासने देऊ नका, ग्राहकाला त्याच्या हक्काची कागदपत्रे मिळवून द्या. महाराष्ट्रात महारेराने २०२३ मध्ये आणखी पुढे जाऊन एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. आमच्यातल्या अनेकांनी कपाळाला हात लावला, मला मात्र आनंद झाला.

पण नोंदणी म्हणजे ज्ञान नव्हे आणि सचोटी तर नव्हेच. नोंदणी क्रमांक सरकार देते. त्या क्रमांकामागचा माणूस घडवण्याचे काम जर कोणी करू शकत असेल, तर ती त्याच्या बरोबरीची माणसे. आणि ती भेटतात संघटनेत, तेही ती तिथे आली तर.

आपल्या मंडळाचेच पाहा ना. वर्गणी देणारे कितीतरी आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सतरंज्या झटकायला येणारे मोजून नऊ. आमच्याकडेही तेच. बरेच सभासद वर्षाची वर्गणी भरतात, प्रमाणपत्र फ्रेम करून खुर्चीमागे लावतात आणि व्हिजिटिंग कार्डावर बोधचिन्ह छापतात. संघटना त्यांच्यासाठी भिंतीवरची वस्तू असते. मग कार्यकारिणीतले पाचसहा जण सगळे ओढतात आणि दोन वर्षांनी तेच लोक 'ही संघटना म्हणजे पाच जणांची मक्तेदारी आहे' अशी ओरड ऐकतात. मी दोन वर्षे चिटणीस होतो, त्यामुळे ही ओरड दोन्ही कानांनी ऐकलेली आहे.

सभेत नेमके होते काय, ते सांगतो. आमची सभा सकाळी साडेसातला असते, कारण दहानंतर कोणी हाताला लागत नाही. प्रत्येकाला एक मिनिट. 'माझ्याकडे अमुक भागात तीन खोल्यांचा फ्लॅट विकायला आहे', 'माझ्या ग्राहकाला अमुक हवे आहे'. दोघांचे जमले तर दलाली वाटून घ्यायची. एवढेच असते तर तो बाजार झाला असता. खरा उपयोग त्यानंतरच्या अर्ध्या तासात होतो. त्यात कोणाचे कोणते काम कुठे अडले, ते उघडपणे बोलले जाते. बोलले जावे, अशी निदान अपेक्षा असते.

इथे एक प्रसंग सांगतो. २०२४ साली बेंगळुरूत मालमत्तेच्या नोंदणीसाठी ई-खाते सक्तीचे झाले. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला आधी खाते म्हणजे काय हेच समजत नाही. आपल्याला सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड ठाऊक. इथे शेतजमिनीला पहाणी आणि शहरात खाते, त्यातही अ आणि ब. ब खात्यावर पालिका कर घेते, पण कर घेतला म्हणजे मालमत्ता नियमित झाली असे नव्हे, हे समजायला कित्येकांना कर्ज नाकारले जाईपर्यंत थांबावे लागले. असो. तर माझ्याकडे आपल्यातलेच एक काका आले. निवृत्त, पत्नीची तब्येत नाजूक, इथला फ्लॅट विकून पुण्याला मुलीच्या जवळ घर घ्यायचे. तिकडे इसार देऊन बसलेले. इकडे ग्राहक मिळाला, त्याचे कर्ज मंजूर झाले. आणि ई-खात्यात गाडी अडली, ती नावावर.

हा आपल्या लोकांचा खास इथला आजार आहे. आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. इथे आडनावाची पद्धत सार्वत्रिक नाही; गावाचे आणि वडिलांचे आद्याक्षर, मग स्वतःचे नाव. त्यामुळे पंचवीस वर्षांपूर्वीच्या खरेदीखतात काकांची दोन आद्याक्षरे आणि पुढे नुसते आडनाव. आधार कार्डावर तीन शब्दांचे पूर्ण नाव. कराच्या पावतीवर तिसराच प्रकार. संगणकाच्या मते ही तीन वेगळी माणसे. बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत संपायला पाच आठवडे उरलेले आणि पुण्याचा विकणारा इसार जप्त करण्याची भाषा बोलू लागलेला.

हे मी सभेत मांडले. व्यासपीठावरच्या ज्येष्ठांनी 'अवघड आहे' म्हणून माना हलवल्या. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. येलहंका भागात काम करणारे, दुसऱ्यांदाच सभेला आलेले, इंग्रजी बेताचे. अर्धे कन्नड, अर्धे हिंदी अशा भाषेत त्यांनी सांगितले की अशी दोन प्रकरणे त्यांनी नुकतीच मार्गी लावली आहेत. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, त्याला जुन्या नोकरीचा किंवा पेन्शनचा पुरावा जोडायचा, आणि मसुदा खात्यावरची हरकत ऑनलाइन टाकून गप्प न बसता महसूल अधिकाऱ्याच्या कार्यालयात कागदांची मूळ प्रत घेऊन स्वतः मालकाने जायचे. एजंटाने एकट्याने जायचे नाही. शेवटची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. काका पेन्शनबुक घेऊन गेले. मंजुरीपत्राची मुदत संपायला आठ दिवस असताना खरेदीखत नोंदले गेले.

आता विचार करा. ते गृहस्थ त्या दिवशी आले नसते तर? त्यांच्यापाशी जे होते ते कुठल्याही पुस्तकात नव्हते आणि अध्यक्षांपाशीही नव्हते. आमच्या धंद्यातले ज्ञान असे सुटे सुटे, माणसामाणसांत पडलेले असते. आज या कार्यालयात हा कागद मागतात, उद्या तो. सभेला न येणारा सभासद फक्त स्वतःचे नुकसान करतो असे नाही, तो आपल्यापाशी असलेला तुकडा घरी ठेवतो. आणि आपल्या व्यवसायात बहुतेक जण तो तुकडा मुद्दाम घरी ठेवतात, कारण त्यांना वाटते, तेच माझे भांडवल!

परिषदांबद्दल थोडे. बिल्डरांच्या संघटना जुन्या आहेत. नरेडको १९९८ ची, क्रेडाई १९९९ ची. एजंटांच्या स्थानिक संघटनांना एकत्र आणणारी नार-इंडिया २००८ साली स्थापन झाली आणि तिचे वार्षिक अधिवेशन भरते. मी अनेक परिषदांना गेलो आहे. दीपप्रज्वलन, शाली, प्रायोजकांची भाषणे, रंगीत आलेख, यांत सकाळ जाते. माझे मत विचाराल तर निम्म्या शाली वाचवल्या तर एक चांगले सत्र जास्त होईल. तरीही मी जातो. कारण इंदूरचा, कोचीचा, सुरतेचा माणूस जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभा असताना जे सांगतो ते मंचावरून कोणी सांगत नाही. मात्र तिथे आपल्याच गावच्या टोळक्यात बसून, संध्याकाळी फोटो काढून परत आलात तर तिकिटाचे पैसे फुकट. एकट्याने काम करणाऱ्या छोट्या एजंटाला तो खर्च झेपतही नाही. म्हणून आमच्याकडे एक पद्धत सुरू केली. दरवर्षी संघटनेच्या खर्चाने दोघांना पाठवायचे, पदाधिकाऱ्यांना नव्हे, आणि त्यांनी परत येऊन पुढच्या सभेत दहा मिनिटे सांगायचे की काय आणले. पहिल्या वर्षी एकाने फक्त हॉटेलचे वर्णन केले. दुसऱ्या वर्षीपासून लोक वही घेऊन जाऊ लागले.

आता अवघड भाग. सगळ्यात नकोसा सहभाग म्हणजे तक्रार समिती. आमच्या एका सभासदाने एकाच फ्लॅटसाठी दोघांकडून टोकन घेतले. त्यातला एक तरुण मुलगा, पहिलेच घर, एक लाख रुपये अडकलेले. त्याने संघटनेकडे लेखी तक्रार केली. समिती बसवली, गणपूर्ती नाही. दुसऱ्यांदा बसवली, गणपूर्ती नाही. तिसऱ्यांदाही तेच. कोणाची मुलाखत, कोणाचे सासरे आजारी. खरे कारण सगळ्यांना माहीत होते: उद्या त्याच माणसाबरोबर दलाली वाटून घ्यायची आहे. चौथ्या वेळी आठ महिन्यांपूर्वी सभासद झालेल्या एका ताईंनी आदल्या रात्री प्रत्येकाला फोन केला आणि विचारले, 'तुम्ही येणार नसाल तर तसे लिहून द्या, मी त्या मुलाला दाखवते.' सगळे आले. पैसे पंधरा दिवसांत परत गेले. तो सभासद संघटना सोडून गेला. त्याचा नोंदणी क्रमांक अजून शाबूत आहे आणि धंदाही चालू आहे, हेही सांगायला हवे. संघटना तुरुंगात टाकू शकत नाही. त्या ताई पुढच्या निवडणुकीत पडल्या, हेही सांगायला हवे.

संघटना बळकट झाली म्हणजे ग्राहकाचे भलेच होते, असेही मी म्हणणार नाही. अमेरिकेत अशी संघटना १९०८ साली शिकागोत स्थापन झाली, १९१३ साली तिने आचारसंहिता केली. घरांची माहिती सभासदांनी एकमेकांना खुली करायची, ही पद्धत तिथे इतकी रुजली की आपल्याला हेवा वाटावा. पण तिच्याच दलालीच्या नियमांवर घरे विकणाऱ्यांनी दावा लावला, २०२३ साली ज्युरीने संघटनेच्या विरोधात निकाल दिला आणि २०२४ साली तिला ४१ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड करून नियम बदलावे लागले. सभासद एकमेकांची सोय बघू लागले की सभा भरलेली असूनही बाहेरचा माणूस नागवला जातो. म्हणून आमच्या तक्रार समितीवर एक जागा एजंट नसलेल्या माणसाची असावी, असा ठराव मी मांडला आहे. दोनदा नामंजूर झाला. तिसऱ्यांदा मांडणार आहे.

आणि एक कायद्याची गोष्ट. रेराच्या कलम ४१ मधली केंद्रीय सल्लागार परिषद आहे ना, तिच्यात एजंटांच्या प्रतिनिधींनाही स्थान ठेवले आहे. पण कलम ३२ मध्ये बिल्डर आणि ग्राहक यांच्यातले वाद सामोपचाराने मिटवण्यासाठी ज्या संघटनांच्या मंचांचा उल्लेख आहे, त्यात बिल्डरांच्या आणि ग्राहकांच्या संघटना आहेत, एजंटांच्या नाहीत. आमच्यातले काही जण याला अन्याय म्हणतात. मला वाटते, चार वेळा सभा बोलवावी लागणाऱ्यांना ते नाव एवढ्यात मिळू नये. तुम्हा घर घेणाऱ्यांनाही कायद्याने सोडलेले नाही बरे का. कलम १९ म्हणते की रहिवाशांची संस्था स्थापन करण्यात प्रत्येक घर घेणाऱ्याने भाग घेतलाच पाहिजे. सोसायटीच्या सभेला जे शेजाऱ्याला 'माझेही तेच मत धरा' सांगून क्रिकेट बघतात, त्यांनी हे कलम जरूर वाचावे.

मला नेहमी विचारतात, चांगला एजंट ओळखायचा कसा? रेरा क्रमांक विचारा आणि तो कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, हे झालेच. इसाराची रक्कम रोखीने देऊ नका. नवीन प्रकल्पात दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागितली, तर आधी करार नोंदवा म्हणा. कलम १३ तुमच्या बाजूने आहे. आणि त्याच्या भिंतीवर प्रमाणपत्र दिसले तर एवढेच विचारा की मागच्या सभेत काय चर्चा झाली. जो जातो तो दहा मिनिटे बोलेल. जो जात नाही तो विषय बदलून तुम्हाला चहा विचारेल.

आमच्या सभेला पाहुण्यांना येता येते. महिन्याचा दुसरा गुरुवार, सकाळी साडेसात, इडली-वडा संघटनेतर्फे. आपल्यातले कोणी निवृत्त बँकवाले किंवा वकील त्या तक्रार समितीवरच्या जागेसाठी तयार असतील, तर ठराव मंजूर होण्याआधीच मला नाव द्या. नाव हातात असले की मते मागायला सोपे जाते. आता प्रश्न असतील तर घेतो. पण ब खात्याचे प्रश्न कागद घेऊन जेवणानंतर, आरतीला उशीर होतो आहे.